यंत्र मुंबईत, नमुने मराठवाड्यातून

१९५१ साली ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये एक छोटा निबंध छापून आला. लेखक तिघे होते: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी साधे इथिल अल्कोहोल चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवले आणि त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संकेत पडद्यावर पाहिला. एका उंचवट्याच्या जागी तीन उंचवटे उमटले. त्यांखालच्या क्षेत्रफळांचे प्रमाण एकास दोन, दोनास तीन असे होते. अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन एक, मधल्या कार्बनवरचे दोन आणि टोकाच्या कार्बनवरचे तीन. रेणूची जी रचना रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षे तर्काने मांडत आले होते, ती इथे यंत्राने मोजून दाखवली होती.

या तिघांतले एस. एस. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. आपल्या भागातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे काहींना वाटेल. मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांमध्ये तयार झालेल्या असंख्य रेणूंची ओळख दुसऱ्या शहरांतल्या यंत्रांनी पटवली, आणि त्या यंत्रांचा वंश धर्मट्टींच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. आपल्या विभागांच्या इतिहासात इमारती, विभागप्रमुख आणि पीएच.डी.ची यादी येते. ज्या परक्या दारांवर आपण नमुने घेऊन गेलो, त्यांचा उल्लेख प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत उरकतो. ती ओळ इथे थोडी सविस्तर लिहावी, एवढाच माझा प्रयत्न आहे.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, १९४५-४६च्या हिवाळ्यात अमेरिकेत दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडले. हार्वर्डला पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणासारख्या पॅराफिनमध्ये ते पाहिले, स्टॅनफर्डला ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात. १९५२चे भौतिकशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. भौतिकशास्त्रज्ञांना अणुकेंद्राचे चुंबकत्व अचूक मोजायचे होते. एकाच मूलद्रव्याचा संकेत संयुगागणिक थोडा सरकतो हे ध्यानात आले तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती मोजमापातली अडचण ठरली. त्या सरकण्यावरच पुढे सगळे सेंद्रिय रसायन उभे राहिले.

धर्मट्टी आले तेव्हा टाटा संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ साली झाले. देशात या विषयाला सुरुवात झालेली होती. बंगळूरला जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातल्या अनुस्पंदनावर १९५१मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता आणि कलकत्त्यात साहा व दास यांनी या विषयावरचा ग्रंथ १९५७मध्ये पूर्ण केला. मुंबईत धर्मट्टींनी माणसे घडवली आणि यंत्रेही घडवली. तयार यंत्र मागवायला परकीय चलन हवे, आणि ते तेव्हा मोजून मापून मिळे. म्हणून चुंबक, रेडिओ लहरींचे परिपथ, संकेत टिपणारी साधने संस्थेतच जुळवली गेली. १९६०च्या दशकाच्या आरंभीच्या निबंधांवर धर्मट्टी, गोविल, कणेकर, खेत्रपाल, वीरमाणी ही नावे एकत्र दिसतात. त्यांतले गिरजेश गोविल यांनी पुढे मुंबईच्या सुविधेची धुरा वाहिली, सी. एल. खेत्रपाल यांनी बंगळूरला काम उभे केले. यंत्र हाताने जुळवलेल्या माणसाला ते बिघडल्यावर कुणाची वाट पाहावी लागत नाही. या गटाची पुढची तीस वर्षे त्या शिदोरीवर गेली, असे मला वाटते.

रसायनशास्त्रज्ञाला मात्र परिपथ जुळवत बसायचे नसते, त्याला वर्णपट हवा असतो. ती सोय व्हेरियन या अमेरिकी कंपनीच्या ए-६० या यंत्राने १९६१मध्ये केली. साठ मेगाहर्ट्झ, सुमारे १.४ टेस्लाचा चुंबक, आणि छापील तक्त्यावर पेनाने उमटणारी रेघ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांचा गट देवदारासारख्या वृक्षांच्या तेलांतले टर्पिन वर्गातले रेणू उलगडत होता, आणि त्यांच्या त्या दशकातल्या निबंधांत ए-६०वर घेतलेल्या वर्णपटांचे उल्लेख येतात. पंधरा कार्बनांच्या गुंतागुंतीच्या सांगाड्यात मिथिल गट किती आणि कुठे, दुहेरी बंधावर हायड्रोजन आहे की नाही, हे एका कागदावरून वाचता येऊ लागले. पूर्वी त्यासाठी रेणू तोडून, त्याचे तुकडे ओळखून, महिनोन्‌महिने घालवावे लागत.

मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, नव्याने वसत असलेल्या त्या परिसरात रसायनशास्त्राचे शिक्षण सुरू झाले त्या काळात जगात एनएमआरची दुकाने नुकती मांडली जात होती. नव्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात असे यंत्र बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पिढीचा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ वितळणबिंदू पाही, शुद्ध नमुन्यात मिसळून पुन्हा वितळणबिंदू पाही, मूलद्रव्यांचे विश्लेषण करून घेई, डेरिव्हेटिव्ह बनवी. पुढे अवरक्त वर्णपट आला आणि कार्बोनिलचा पट्टा सतराशेच्या आसपास दिसला की प्रयोगशाळेत आनंद होई. या पद्धतींनी प्रामाणिक काम झाले. पण हेटरोसायक्लिक संयुगांमध्ये, म्हणजे मराठवाड्यातल्या संशोधकांच्या आवडत्या प्रांतात, वलय बंद होताना नायट्रोजन कोणत्या बाजूने जोडला गेला हा प्रश्न वितळणबिंदूने सुटत नाही. परदेशी नियतकालिकांचे परीक्षक एनएमआर मागू लागले, आणि तो नसेल तर निबंध परत येऊ लागला.

इथे केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. १९७१मध्ये स्थापन झालेल्या या विभागाने त्याच दशकाच्या मध्यापासून प्रादेशिक उपकरण केंद्रे उभी करायला घेतली. महागडे यंत्र प्रत्येक विद्यापीठाला देणे परवडणारे नव्हते. ते काही ठिकाणी ठेवायचे आणि इतरांनी नमुने पाठवायचे, अशी ही योजना. आयआयटी मुंबईचे केंद्र १९७६चे. चंदीगडला पंजाब विद्यापीठात, लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, मद्रासला, नागपूर विद्यापीठातही केंद्रे निघाली. आरएसआयसी हे त्यांचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. पुढे ते बदलून सैफ झाले, तरी जुने प्राध्यापक अजूनही आरएसआयसीच म्हणतात. मराठवाड्यातून निघालेल्या शोधनिबंधांचा प्रायोगिक भाग काढून पाहिला तर चंदीगडच्या केंद्राचे नाव पुन्हा पुन्हा सापडेल. तिथल्या यंत्रचालकांनी आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळवून दिली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

नमुना पाठवणे हेही एक कौशल्य होते. स्फटिकांमधला द्रावक नीट वाळवायचा, नाहीतर वर्णपटात इथिल ॲसिटेटचीच उंच उंच शिखरे येणार. दहा मिलिग्रॅम पदार्थ लहान काचेच्या कुपीत भरायचा, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळायची, कुपीवर सांकेतिक क्रमांक लिहायचा आणि तोच क्रमांक अर्जात. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतो की डीएमएसओमध्ये, हे अर्जात न लिहिणाऱ्याचा नमुना तसाच पडून राही. अपेक्षित रचना काढून जोडायची. मग रजिस्टर पोस्ट, आणि वाट पाहणे. आठवडे जात. लांबट पाकीट आले की मार्गदर्शक सर आधी ते स्वतःच्या टेबलावर उलगडत. कागदाच्या उजव्या टोकाला शून्यावर टीएमएसची रेघ, ७.२६ला क्लोरोफॉर्मची. पॅरा जागी प्रतिस्थापन झालेल्या बेंझिन वलयाची दोन जोडशिखरे सातच्या पुढे एकमेकांकडे झुकलेली दिसली, की सर पेन्सिलीने त्यांवर टिक करीत आणि मान हलवत. कधी क्लोरोफॉर्मची रेघ नेमकी आपल्या शिखरावर येई आणि हायड्रोजनची मोजणी चुके; मग तोच नमुना दुसऱ्या द्रावकात पुन्हा पाठवायचा. इतक्या लांबून, इतक्या दिवसांनी आलेला कागद आम्ही ज्या बारकाईने वाचत असू, तो बारकावा आज पडद्यावर दहा मिनिटांत वर्णपट पाहणाऱ्या मुलांनाही यावा, म्हणून मी त्यांना अजूनही वर्णपट कागदावर छापून घ्यायला लावते.

साठ किंवा नव्वद मेगाहर्ट्झच्या यंत्रात जवळजवळची शिखरे एकमेकांवर चढतात. चुंबक जितका प्रबळ, तितकी ती सुटी होतात. लोखंडी गाभ्याच्या चुंबकाची मर्यादा आली तेव्हा अतिसंवाहक तारेची वेटोळी वापरात आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७७मध्ये २७० मेगाहर्ट्झचे अतिसंवाहक यंत्र बसले, ते देशातले पहिले. त्याच सुमारास फूरिये रूपांतराची पद्धतही रुळली होती. सगळ्या वारंवारता एकेक करून तपासण्याऐवजी एकाच स्पंदाने सगळी केंद्रे हलवायची आणि संगणकाने उत्तर काढायचे. याचा सर्वांत मोठा लाभ कार्बनला झाला. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंपैकी जेमतेम एक अणू या यंत्राला दिसतो. हजारो स्पंदांचे संकेत बेरीज करत गेल्याशिवाय त्याचा वर्णपट उमटतच नाही.

मग १९८३ साली टाटा संस्थेत विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याने उच्च-क्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. ब्रूकर कंपनीचे एएम-५०० यंत्र: पाचशे मेगाहर्ट्झ, ११.७ टेस्ला, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अडीच लाख पटींहून अधिक. गोविल आणि त्यांच्यानंतर आर. व्ही. होसूर, के. व्ही. आर. चारी अशा संशोधकांनी त्यावर डीएनए आणि प्रथिनांच्या रचना उलगडल्या. त्या कामाला जगात मान मिळाला. सुविधेत पुढे सहाशे आणि आठशे मेगाहर्ट्झची यंत्रेही आली. मला या इतिहासात मोठे वाटते ते नावातले ‘राष्ट्रीय’ हे विशेषण. संस्थेच्या भिंतीआड देशातले सर्वोत्तम यंत्र ठेवून घेता आले असते. तिथल्या संशोधकांना चोवीस तास पुरेल एवढे काम होते. ते यंत्र बाहेरच्या विद्यापीठांसाठीही आहे हे पहिल्या दिवसापासून ठरवून चालवले गेले.

असे यंत्र चालवणे म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. चुंबकाचे भांडे माणसाहून उंच, पांढरे, पायांखाली कंपने शोषणाऱ्या आधारांवर उभे. आत वेटोळे द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडालेले. हेलियमभोवती द्रव नायट्रोजनचे कवच, उणे १९६. नायट्रोजन साधारण दर आठवड्याला भरायचा, हेलियम काही महिन्यांनी. हेलियम भरताना दोन माणसे लागतात. एक जण वाहतुकीच्या भांड्यात लांब नळी इंचाइंचाने सोडतो, दुसरा तिचे दुसरे टोक चुंबकाच्या तोंडावर धरून थांबतो. नळी गार होईपर्यंत नुसता वायू येतो, आवाज बारीक असतो. द्रव येऊ लागला की तोंडाशी पांढरे धुके फुटते आणि आवाज बदलतो, तेव्हाच नळी आत घालायची. आधी घातली तर गरम वायूने आतला साठा उकळतो. पातळी खाली गेली आणि वेटोळ्याचे अतिसंवाहकत्व सुटले, तर त्यातली सगळी ऊर्जा क्षणात उष्णता होते आणि सारा हेलियम उडून जातो. त्याला क्वेंच म्हणतात. एका लिटर द्रवाचे सुमारे साडेसातशे लिटर वायू होतात, खोलीतला प्राणवायू हटतो, आणि त्या वेळी आत असलेल्या माणसाने धावत बाहेर पडायचे असते. टाटा संस्थेकडे हेलियम द्रवरूप करण्याची स्वतःची व्यवस्था आहे. त्यामुळे तिथले चुंबक वर्षानुवर्षे थंड राहू शकले. जिथे ही सोय नाही तिथे हेलियमचे भांडे बाहेरगावाहून येते, आणि वाटेत रोज थोडा हेलियम उडत असतो.

मी राहते ते मुकुंदवाडी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीला लागून आहे. इथल्या घराघरांत औषध कारखान्यात काम करणारे कुणीतरी सापडते. वोक्हार्टचे संशोधन केंद्र याच वसाहतीत आहे आणि तिथे लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक विकसित झाले. त्याला भारतात २०२० साली मान्यता मिळाली. नवा औषधी रेणू म्हटला की त्याची ओळख, शुद्धता, अवकाशातली मांडणी हे सगळे एनएमआरशिवाय सिद्ध होत नाही. वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या कामावर जाणारे आपले एम.एस्सी. झालेले विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच वर्णपट वाचायला बसतात. ज्याने तो महाविद्यालयात फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला, त्याची तिथे फार ओढाताण होते. एनएमआर ही फक्त पीएच.डी.वाल्यांची गरज आहे असे म्हणणाऱ्यांनी मुकुंदवाडीच्या स्टेशनवर सकाळच्या पाळीला उतरणाऱ्या मुलामुलींशी एकदा बोलावे.

याच स्टेशनमुळे आणखी एक गोष्ट सांगता येते. विभागात यंत्र आणायचे ठरले की सगळ्यांचे लक्ष किमतीकडे जाते; जागा शेवटी पाहिली जाते. रुळांजवळची, ट्रक वळतात त्या रस्त्याकडेची किंवा लिफ्टच्या शेजारची खोली चालत नाही. हलणारे लोखंड चुंबकाचे क्षेत्र डहुळते आणि जमिनीची कंपने वर्णपटात उतरतात. पाच गॉसची सीमा जमिनीवर रंगवावी लागते. पेसमेकर असलेल्या माणसाने ती ओलांडायची नाही. भांडे उंच, त्यात वरून नळी घालायची, म्हणून छतही उंच हवे. मराठवाड्याच्या मे महिन्यात खोलीचे तापमान रात्रंदिवस एकसारखे ठेवणारी वातानुकूलन यंत्रणा हवी. वीज गेली तर चुंबकाला काही होत नाही, तो एकदा भारला की भारलेला राहतो. पण संगणक, कॉम्प्रेसर आणि अर्धवट राहिलेला रात्रभराचा प्रयोग जातो. खरेदीच्या प्रस्तावात यांतले जे लिहिलेले नसते, ते पुढे कुणाच्याच अनुदानातून मिळत नाही.

खरेदीची वाटही सरळ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विशेष साहाय्य योजना, २००० सालापासूनचा फिस्ट, नंतर रुसा अशा मार्गांनी पैसा येत आला. चारशे मेगाहर्ट्झचे यंत्र काही कोटींच्या घरात जाते. तांत्रिक तपशील ठरवणारी समिती, जागतिक निविदा, दरांची तुलना, सीमाशुल्कातल्या सवलतीचे प्रमाणपत्र, बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट, आणि मार्चअखेर. या मार्चअखेरीने किती चांगल्या प्रस्तावांचा घास घेतला ते प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक आहे. त्यातच बाजारही बदलतो. व्हेरियन ही या धंद्यातली पहिली कंपनी २०१०मध्ये ॲजिलेंटने घेतली आणि २०१४मध्ये ॲजिलेंटने एनएमआरचा व्यवसायच बंद केला. जगभरच्या प्रयोगशाळांत चालू स्थितीतली यंत्रे सुट्या भागांसाठी अडू लागली. म्हणून निविदेत किमतीखालची ओळ, म्हणजे दहा वर्षांची देखभाल कोण करणार, ही किमतीइतक्याच बारकाईने वाचायची असते.

एका विभागात मी असे यंत्र पाहिले आहे, जे थाटात बसले, दोन-तीन वर्षे उत्तम चालले आणि नंतर थांबले. चालवणारा तरुण कंत्राटी होता. कंत्राट संपले, त्याला कंपनीत नोकरी मिळाली, तो गेला. त्याच्या जागी नेमायची फाइल फिरत राहिली. हेलियमची मागणी वेळेवर गेली नाही आणि चुंबक गरम झाला. पुन्हा थंड करून भारायला लागणारा खर्च कुठल्याच शीर्षकाखाली बसेना. त्या विभागातल्या मुलांचे नमुने पुन्हा पाकिटात बंद होऊन परगावी जाऊ लागले. दोष त्या तरुणाचा नव्हता. कायम पदावरचा, शिकलेला, सन्मानाने पगार मिळणारा यंत्रचालक हा यंत्राचाच भाग आहे, हे आपल्या व्यवस्थेने मानलेले नाही. मुंबई आणि चंदीगडच्या सुविधा टिकल्या त्या अशा माणसांच्या जिवावर.

आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. जानेवारी २०२०मध्ये आय-स्टेम हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. देशातल्या सार्वजनिक संस्थांमधली उपकरणे त्यावर नोंदलेली असतात आणि बाहेरच्या संशोधकाला वेळ मागता येते. बीड किंवा जालन्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला आता ओळखीच्या सरांच्या चिठ्ठीची गरज उरू नये. दुसरे म्हणजे टेबलावर मावणारी, कायम चुंबकाची साठ ते शंभर मेगाहर्ट्झची यंत्रे. त्यांना हेलियम लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. संशोधनातले अवघड रेणू त्यांवर सुटणार नाहीत, ते पाचशेवरच जातील. पण एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पाच मिलिमीटरच्या नळीत अर्धा मिलिलिटर द्रावण भरावे, पिपेटमध्ये कापूस खोचून गाळून घ्यावे, नळी आत सोडावी आणि स्वतः केलेल्या इथिल बेंझोएटचा त्रिशिखरी मिथिल आणि चतुःशिखरी मिथिलीन पडद्यावर उमटताना पाहावा, एवढे ते यंत्र नक्की करते.

विभागांच्या पुढच्या प्रस्तावांत म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. शिकवण्यासाठी असे टेबलावरचे एक यंत्र. मोठे यंत्र आले तर यंत्रचालकाचे कायम पद त्याच प्रस्तावात. आणि संलग्न महाविद्यालयांच्या नमुन्यांसाठी आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवल्याचा ठराव, यंत्राचे भांडे दारात उतरण्याआधी मंजूर झालेला.